अंगावर पाजणं, अंगावर काढणं

‘पूर्वीच्या बायकांना कुठे होत होता हा रोग?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या लेडीज डब्यात आणि हल्ली घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐकू येतो. उत्तर प्रश्नाच्या पोटातच असतं. पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, भाकरी खायच्या; आताच्या पिझ्झा खातात, नोकऱ्या करतात, मुलं उशिरा होऊ देतात. मग छातीत गाठ येणार नाही तर काय? असलं बोलणं चिडून झटकून टाकावंसं वाटतं. अडचण एवढीच, की त्यातला एक तुकडा खरा आहे. आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, गेली साडेतीन दशकं गोळा होतो आहे.

मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद १९६३ साली सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने उभी केलेली ही देशातली पहिली नोंदणी. एखाद्या रुग्णालयात किती रुग्ण आले याच्या गोळाबेरजेला नोंदणी म्हणत नाहीत. ठरावीक हद्दीत राहणाऱ्या माणसांपैकी वर्षभरात नव्याने कर्करोग किती जणांना झाला, हे रुग्णालयांची दप्तरं, प्रयोगशाळांचे अहवाल, मृत्यूचे दाखले असं सगळं पालथं घालून काढावं लागतं. पुढे १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला गेला आणि मोठी शहरं त्यात येऊ लागली. पण बहुसंख्य भारत राहत होता खेड्यात, आणि खेड्यातल्या बाईला काय होतं हे कुणी मोजत नव्हतं. १९८७ मध्ये बार्शी आणि शेजारचे परंडा व भूम असे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं, घेऊन देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली.

मुंबईची रीत तिथे चालण्यासारखी नव्हती. रुग्णालयच नाही तर दप्तर कुणाचं तपासणार? म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव फिरू लागली. सरपंच, शिक्षक, दाई, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांशी बोलायचं. कुणाच्या तोंडात जखम आहे का, कुणाला गिळायला त्रास होतो का, कुणाच्या छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यावरही कुणाच्या अंगावरून जातंय का. संशय आला की त्या माणसाला समजावून बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात तपासायला आणायचं. आकडा गोळा करायला गेलेली माणसं नकळत आरोग्यशिक्षणही करून आली, आणि या भागातले रुग्ण आधीच्या अवस्थेत रुग्णालयात पोचू लागले. संशोधनाच्या भाषेत याला काय म्हणायचं ते म्हणोत, मराठीत याला विचारपूस म्हणतात.

या विचारपुशीतून जे दिसलं ते असं. दर लाख बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्ण मुंबईत तिशीच्या वर आणि बार्शीत पंधराच्या आत. सोलापूर-मुंबई रेल्वेने एका रात्रीचं अंतर, पण आकडा निम्म्याहून खाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात हैदराबाद जिल्ह्याचा दर सगळ्यांत वरचा, ४८. चेन्नई ४२, बंगळूर चाळिशीला टेकलेलं, दिल्ली ३८ च्या वर. जगाच्या नकाशावर हेच चित्र आणखी ताणलेलं आहे: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हा दर शंभराच्या घरात, आपल्या दक्षिण आशियात त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा.

‘गावाकडे नोंदच नीट होत नसेल’ ही पहिली शंका. ती घ्यायलाच हवी. पण बार्शीच्याच वहीत तिचं उत्तर आहे. ज्या माणसांनी, ज्या पद्धतीने स्तनाच्या गाठी शोधल्या, त्यांनीच गर्भाशयमुखाचा कर्करोगही शोधला, आणि तो त्यांना भरपूर सापडला. मुंबईत स्तनाचा कर्करोग केव्हाच पहिल्या क्रमांकावर गेला होता, तेव्हा बार्शीत गर्भाशयमुखाचाच पहिला होता. लपलेल्या अवयवातला, लाजेपोटी बाई सासूलाही सांगत नाही असा रोग ज्यांना सापडला, त्यांच्या नजरेतून हाताला लागणारी गाठ निसटली असेल? थोडी निसटली असेल. निम्म्याहून जास्त नक्कीच नाही. फरक खरा आहे.

आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं घसरेल. हे दर वयाचा हिशेब चुकता करून काढलेले असतात. स्तनाचा कर्करोग वयाबरोबर वाढतो, त्यामुळे ज्या प्रदेशात म्हाताऱ्या बायका जास्त तिथे रुग्ण आपोआप जास्त दिसतात. म्हणून मित्सुओ सेगी या जपानी संशोधकाने १९६० मध्ये सुचवलेली आणि पुढे थोडी सुधारलेली एक ‘आदर्श’ लोकसंख्या घेऊन सगळ्या प्रदेशांचे दर तिच्या मापाने काढतात. हे न केल्यामुळे आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा दहा वर्षं आधी, तरुणपणीच होतो. डॉक्टरही भाषणांत सांगतात. खरं तर आपल्या देशात तरुण बायकाच संख्येने जास्त, म्हणून रुग्णांतही त्या जास्त दिसतात. पस्तिशीच्या शंभर भारतीय बायका आणि पस्तिशीच्या शंभर ब्रिटिश बायका शेजारी उभ्या केल्या तर धोका आपल्याकडे जास्त नाही. शाळेतल्या वर्गात सर्दीची दहा मुलं सापडली म्हणून सर्दी हा बालरोग ठरत नाही, तसंच हे.

फरक खरा असेल तर कारण काय? माणसाचं मन पहिल्यांदा मातीकडे, पाण्याकडे, फवारणीकडे जातं. केरळमधल्या करुनागपल्लीची किनारपट्टी मोनाझाइटच्या वाळूची. तिथे नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून कितीतरी पट. म्हणून १९९० मध्ये तिथे खास नोंदणी सुरू झाली. वर्षानुवर्षं माणसांचा पाठपुरावा करून निष्कर्ष निघाला तो असा, की त्या वाळूमुळे कर्करोग वाढल्याचं दिसत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बायकांनी आपल्या भागात हा रोग जास्त का, म्हणून आवाज उठवला, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने १९९३ मध्ये कायदा करून अभ्यास करायला लावला. डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर दाट संशय होता. रक्ततपासणीनिशी झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले आणि त्या कीटकनाशकांशी संबंध जुळला नाही.

पंजाबचं उदाहरण तर आपल्या वर्तमानपत्रांनी घासून गुळगुळीत केलं आहे. भटिंड्याहून बिकानेरला जाणारी ‘कॅन्सर ट्रेन’. कपाशीच्या पट्ट्यातले रुग्ण डबे भरून त्या गाडीने जात, आणि फवारणीच्या विषाने पंजाब कसा सडला याचं ती गाडी प्रतीक झाली. पुढे प्रत्यक्ष नोंदणी सुरू झाल्यावर मानसा, संगरूर या शेतकरी जिल्ह्यांपेक्षा चंडीगढ आणि मोहालीतले दर जास्त निघाले. मग गाडी का भरायची? कारण बिकानेरला स्वस्तात उपचार होते आणि भटिंड्यात नव्हते. ती गाडी जवळपास रुग्णालय नाही एवढंच सांगत होती, आपण तिच्यातून शेतातलं विष वाचलं. कीटकनाशकं निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाही, फवारणी करताना दगावणारे शेतमजूर यवतमाळने पाहिले आहेत. पण प्रत्येक रोगाचं खापर फुटायला माती सापडली की माणसांच्या व्यवस्थेकडे बघायचं राहून जातं.

आनुवंशिकता? स्तनाच्या कर्करोगातला शेकडा पाच ते दहा वाटा थेट वारशाने आलेल्या दोषांचा आहे. पण जपानी बायका हवाई बेटांवर, कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्या आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांच्या लेकी-नातींचे दर अमेरिकी दरांच्या जवळ गेले. जनुकं एवढ्या घाईने बदलत नाहीत.

बदललं ते बाईचं आयुष्य. याची पहिली चाहूल तीनशे वर्षांपूर्वीची आहे. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने, व्यवसायजन्य रोगांवरच्या आपल्या ग्रंथात, मठातल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग फार होतो असं नोंदवलं. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न याने व्हेरोना शहरातले मृत्यूंचे दाखले तपासले, तर जोगिणींत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयाचा कमी. हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, कारण बार्शी आणि मुंबईचं कोडं याच उलटसुलट जोडीत आहे.

पाळी सुरू झाल्यापासून पहिलं पूर्ण दिवसांचं बाळंतपण होईपर्यंत स्तनातल्या पेशी अर्धवट तयार अवस्थेत असतात. दर महिन्याला संप्रेरकांचा हुकूम येतो, त्या वाढतात, विभागतात, पुन्हा ओसरतात. विभागणी म्हटली की नक्कल आली, नक्कल म्हटली की चूक होण्याची संधी आली. पहिल्या बाळंतपणाने आणि पाजण्याने या पेशी पक्व होतात आणि पुढच्या चुकांना कमी बळी पडतात. म्हणजे पाळी किती लवकर आली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, एकूण मुलं किती, पाजलं किती महिने, पाळी केव्हा गेली, या सगळ्यांनी मिळून धोका ठरतो. बोस्टनपासून टोकियोपर्यंत सात ठिकाणच्या बायकांचा अभ्यास करून ब्रायन मॅकमहॉन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवलं, की जिचं पहिलं मूल अठराच्या आत झालं तिचा धोका, पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या बाईच्या एक तृतीयांश असतो. पुढे २००२ मध्ये तीस देशांतले ४७ अभ्यास एकत्र केल्यावर निघालं: प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे सात टक्के कमी, आणि त्याखेरीज, जितकी वर्षं अंगावर पाजलं त्यातल्या प्रत्येक वर्षामागे आणखी चार टक्क्यांहून थोडा जास्त कमी.

‘अंगावर पाजणं’ हा आपल्या भाषेतला किती साधा शब्दप्रयोग. बार्शीकडच्या एका पिढीच्या बाईने पाच मुलं प्रत्येकी दोन वर्षं अंगावर पाजली असतील तर तिच्या आयुष्यातली दहा वर्षं त्यातच गेली. मुंबईतल्या नोकरदार बाईला सहा महिने मिळतात, तेही रजा असेल तर. मुंबईतलाच एक समाज या बाबतीत जोगिणींच्या जवळ जातो, तो पारशी. उशिरा लग्न, थोडी मुलं, अविवाहित बायकांचं मोठं प्रमाण. १९७० च्या सुमारासच मुंबईच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं होतं की पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग शहरातल्या इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी आहे. तेच शहर, तोच समुद्रवारा, तेच तानसा-वैतरणेचं पाणी. आयुष्यक्रम मात्र वेगळा. केरळातली गावं याच्या उलट बाजूने तेच सांगतात: तिथे गावातल्या मुलीही शिकल्या, उशिरा आई झाल्या, एक-दोन मुलांवर थांबल्या, आणि तिथे गाव-शहरातल्या दरांतलं अंतर बार्शी-मुंबईएवढं उरलं नाही.

शरीराचा घेरही यात येतो. पाळी गेल्यानंतर अंडाशयं थांबतात, पण चरबीच्या पेशी संप्रेरक बनवत राहतात. टाटा स्मारक रुग्णालयातल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात वजनाच्या काट्यापेक्षा पोटाचा घेर जास्त बोलका ठरला. दारूचाही वाटा आहे, आपल्या बायकांत तो अजून लहान. म्हणजे जात्यावाल्या आजीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

पण इथेच, पंगतीतलं बोलणं खरं ठरतंय असं वाटू लागतं तेव्हाच, थांबायला हवं. गावाकडचा कमी आकडा हे गावाच्या आरोग्याचं प्रशस्तिपत्र मानायचं का? मॅकमहॉनच्या निष्कर्षातले ‘अठराच्या आत’ हे शब्द महाराष्ट्रात बसून पुन्हा वाचावेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या दर शंभर बायकांपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हा आकडा चाळिशीच्या पुढे. स्तनाच्या कर्करोगापासून मिळणारं हे ‘संरक्षण’ चौदाव्या-सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढून, सतराव्या वर्षी बाळंत होऊन विकत घेतलेलं आहे. आणि किंमत तिथेच संपत नाही. लवकर लग्न, लवकर आणि वरचेवर बाळंतपणं यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. व्हेरोनाच्या जोगिणींचं हे उलटं चित्र. अंगावर पाजणारी बाईच पुढे ‘अंगावरून जातंय’ म्हणत बार्शीला येते. एका वहीतला आकडा खाली आणि दुसऱ्या वहीतला वर, यात बाईने कमावलं काय?

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट बीडची. २०१९ च्या जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळात सांगण्यात आलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. ऊसतोडीच्या फडात पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायका पिशवी काढून मोकळ्या होत होत्या. पाठ्यपुस्तक सांगतं, गर्भाशयाबरोबर अंडाशयंही तरुणपणी काढली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो. म्हणजे उद्या एखाद्या आलेखात अशा बाईच्या नावापुढे ‘धोका कमी’ असा शेरा पडेल, आणि तो शास्त्रीयदृष्ट्या चूक नसेल. अशा कमी आकड्याचा अभिमान कुणी बाळगावा?

म्हणून मला दोन प्रकारच्या लोकांचा सारखाच कंटाळा येतो. एक, जे या आकड्यांतून ‘मुलींची लग्नं वेळेवर करा’ असा उपदेश काढतात. शिक्षण, पगार, आपल्या मर्जीने मूल होऊ देणं, बाळंतपणात न मरणं, या सगळ्याच्या बदल्यात एका रोगाचा धोका काहीसा वाढला, तर तो सौदा कुठलीही शहाणी बाई करेल, करतेच आहे. महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आला आहे, गावंही दोनाच्या खाली आहेत. बार्शीची बाई तिच्या आईच्या आयुष्याकडे परत जाणार नाही. आणि दुसरे, जे शहरी बाईच्या रोगाचं कारण तिच्या ‘लाइफस्टाइल’मध्ये शोधून तिलाच गुन्हेगार ठरवतात. पस्तिशीत पहिलं मूल झालेल्या हजारो बायकांना हा रोग कधीच होत नाही आणि अठराव्या वर्षी आई झालेल्या काहींना होतो. समूहाचा दर एका बाईच्या कपाळावर लिहिता येत नाही. गाठ सापडलेल्या बाईला ‘तू पाजलं नाहीस ना’ असं विचारणारी माणसं मी ऐकली आहेत. शास्त्राचा याहून हलका उपयोग दुसरा नसेल.

आणि हा सगळा खल फक्त रोग होण्याविषयी झाला. रोगाने मरण्याचा नकाशा वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची एक तुलना मला या विषयावरच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा मोलाची वाटते. अतिप्रगत देशांत दर बारा बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी या रोगाचं निदान होतं आणि ७१ पैकी एक त्याने मरते. अप्रगत देशांत निदान २७ पैकी एकीलाच होतं, पण मरते ती ४८ पैकी एक. रोग निम्म्याहून कमी, मृत्यू दीडपट. भारतात २०२२ साठीच्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवी निदानं आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. दोन निदानांमागे एक मृत्यू. अमेरिकेत हेच प्रमाण सहा-सात निदानांमागे एक. देशाच्या आतही तेच. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या जवळपास अठरा हजार बायकांचा अकरा नोंदण्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण मिझोराममध्ये शेकडा ७५ च्या आसपास, अहमदाबाद शहरात ७२ च्या वर आणि अरुणाचलातल्या पासीघाटमध्ये ४२. सगळीकडे गाठ तीच आणि जगातली औषधंही तीच.

इथे दुसरा शब्दप्रयोग येतो, ‘अंगावर काढणं’. आपल्या बायका ताप अंगावर काढतात, कंबरदुखी काढतात, आणि गाठही. या गाठीचा दगा असा, की सुरुवातीला ती दुखत नाही. दुखत नाही तर डॉक्टरकडे कशाला? खुरपणीचे दिवस आहेत, मुलीची दहावी आहे, दिवाळीनंतर बघू. घरातल्या पुरुषाला सांगायचं तर शब्द कुठला वापरायचा, इथपासून अडचण. मग गाठ वाढते, कातडी ओढली जाते, जखम होते, वास येऊ लागतो, तेव्हा घरात कळतं. देशात निम्म्याहून जास्त बायका रोग काखेतल्या गाठींपर्यंत किंवा त्याहून पुढे गेल्यावरच उपचाराला पोचतात. पण याला बाईचा अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. अंगावर काढणं ही सवय नाही, हिशेब आहे. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. तालुक्याला गेलं तर तिथे सुईने तपासणी होत नाही, जिल्ह्याला गेलं तर अहवाल दहा दिवसांनी, पुढे पाठवलं तर परळ.

परळचा रस्ता महाराष्ट्राला माहीत आहे. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर हातात फायली घेऊन बसलेली कुटुंबं आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना अंतर या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा भार बराच उचलला, ते खरंच मोठं काम आहे. पण योजनेतून परळची खोली मिळत नाही, नवऱ्याची बुडालेली मजुरी मिळत नाही. याचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. गाठ लहान असेल तर स्तन वाचवून फक्त गाठ काढता येते, पण मग पुढे किरणोपचार घ्यावेच लागतात, पूर्वी रोज, पाच-सहा आठवडे. एवढे दिवस शहरात राहणं जिला शक्य नाही तिला पूर्ण स्तन काढून टाकणं सोयीचं पडतं. म्हणजे शरीराचा किती भाग उरणार हे रोगाबरोबरच एसटीच्या अंतरावरही ठरतं. किरणोपचार तीन आठवड्यांत बसवता येतात हे ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं, आणि २०२० मध्ये निवडक रुग्णांसाठी पाच दिवसांचा पर्यायही तिथूनच पुढे आला. महागड्या नव्या औषधांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात, पाच आठवड्यांचे पाच दिवस झाल्याची बातमी आतल्या पानावरही दिसत नाही. बीडच्या बाईला कुठली जास्त कामाची?

लवकर शोधायचं कसं, याचंही उत्तर मुंबईतच तपासून झालं आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांना घेऊन चाचणी झाली. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने छाती तपासली. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, डॉक्टर नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले: रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा मिळून फायदा पंधरा टक्के, आणि तो योगायोगाने आलेला नाही असं ठामपणे म्हणता येण्याइतका स्पष्ट नव्हता, हेही सांगायला हवं. पण पन्नाशीपुढच्या बाईसाठी दोन बोटांची चिकाटी कामाला येते, एवढं पुरेसं ठळक आहे. सरकारनेही २०१६ मध्ये तिशीपुढच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी करायची मार्गदर्शक सूचना काढली. त्यानंतर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तुमची छाती कधी तपासली गेली आहे का? होय म्हणणाऱ्या होत्या शेकडा ०.९. शंभरात एकही पूर्ण बाई नाही.

बार्शी आता मुंबईच्या वाटेवर आहे. मुली शिकताहेत, मुलं कमी होताहेत, पाळी लवकर येते आहे, दुचाकी आली आणि पायपीट गेली. दर वाढणार आहे, आणि तो वाढण्यामागे बऱ्याच अंशी चांगल्या गोष्टी आहेत. त्या थांबवायच्या नाहीत. मृत्यूचा दर मात्र त्याच्या मागोमाग वर जाऊ द्यायचा की नाही, हे आरोग्य खात्याच्या हातात आहे, आणि त्या खात्याला जाब विचारणाऱ्यांच्या. त्यासाठी प्रत्येक तालुक्याचे तीन आकडे दरवर्षी जाहीर व्हायला हवेत: उपचाराला आलेल्या बाईची गाठ किती मोठी होती, गाठ हाताला लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, आणि सुरू केलेले उपचार किती जणींनी पूर्ण केले. यासाठी नवं संशोधन लागत नाही, बार्शीच्या माणसांनी वही-पेन घेऊन साडेतीनशे गावांत जे केलं तेवढंच लागतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत पन्नास टक्के आरक्षणामुळे बसलेल्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्यापैकी कुणी हा लेख वाचत असेल तर पुढच्या बैठकीत हे तीन आकडे मागा, आणि मिळेपर्यंत दर बैठकीत मागा.